काल्पनिक वाफेचं इंजिन काढायचं, तर आधी त्याला काम द्या

वाफेचं इंजिन मनातून काढायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण सुरुवात धुराड्यापासून करतो. मग एक लांब नळकांडं, त्याखाली जमतील तेवढी चाकं आणि मोकळ्या जागांत भरपूर पाइप. चित्र भरगच्च दिसतं, पण हे इंजिन रुळावर पाऊलभरही सरकणार नाही, हे बघणाऱ्याला आतून कळतं. का, ते त्याला सांगता येत नाही, पण कळतं.

मी मशीन ड्रॉइंग शिकले, पुढे तेच काम केलं आणि फावल्या वेळात कधीच न बांधली गेलेली इंजिनं काढत आले. माझी पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे: इंजिनाचं रूप त्याच्या कामातून निघतं. काम पक्कं केलं की चाकाचा आकार, बॉयलरची उंची, कॅबची खिडकी, सगळं एकामागून एक ठरत जातं. कल्पनाशक्तीला वाव काम निवडताना असतो आणि तो भरपूर असतो.

इथे मी माझ्या बोर्डावरच्या एका इंजिनाची उदाहरणं घेऊन सांगते. तुमचं इंजिन वेगळं असेल. आकडे बदला, पण क्रम हाच ठेवा.

काम आणि त्याचं गणित

माझ्या इंजिनाचं काम असं: ८०० टनांची मालगाडी १ : १०० चढावर न थांबता न्यायची. कोळसा बरा मिळतो, रूळ मात्र हलके आहेत, म्हणजे एका अ‍ॅक्सलवर १४ टनांपेक्षा जास्त भार चालणार नाही. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १४३५ मिमी. वेग ताशी ६० किमी मिळाला तरी पुरे. एवढं एका कागदावर लिहून तो बोर्डाच्या कोपऱ्यात टाचून ठेवायचा.

आता ओढ किती लागेल ते बघू. इंजिन आणि भरलेला टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) मिळून १३० टन धरू, म्हणजे एकूण वजन ९३०. १ : १०० चढावर वजनाचा शंभरावा भाग मागे ओढतो, तो झाला ९.३ टन. सपाट रुळावरही लागणारा रोध टनाला साडेतीन किलो धरला तर आणखी साधारण ३.३. एकूण १२.६ टन ओढ हवी.

दोन सिलिंडरांच्या साध्या इंजिनाची ओढ काढायचं सूत्र जुनं आणि सोपं आहे. सिलिंडरच्या व्यासाचा वर्ग गुणिले स्ट्रोक (पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची चाल) गुणिले वाफेचा दाब, भागिले ओढणाऱ्या चाकाचा व्यास. आणि आलेल्या उत्तराचे ८५ टक्के, कारण बॉयलरचा पूर्ण दाब सिलिंडरात पोचत नाही. मी सिलिंडर ५०० मिमी, स्ट्रोक ७००, दाब १४ बार आणि चाक १६०० मिमी घेतलं. उत्तर आलं १३० किलोन्यूटन, म्हणजे सव्वातेरा टनांच्या आसपास. काम भागतं, थोडं शिल्लकही राहतं.

पण ओढ आहे म्हणून चाक रुळाला धरून राहीलच असं नाही. ओढणाऱ्या चाकांवरचं वजन ओढीच्या चौपट तरी हवं, नाहीतर चाकं जागच्या जागी गरगर फिरतात. चौपट म्हणजे ५३ टन. अ‍ॅक्सलला १४ टनांची मर्यादा, म्हणून चार अ‍ॅक्सल. आठ ओढणारी चाकं हवीत हे मला माझ्या आवडीनं सांगितलं नाही, त्या टाचलेल्या कागदानं सांगितलं.

चाकांची रचना सांगायला व्हाइट पद्धत वापरतात: पुढची छोटी चाकं, मधली ओढणारी, मागची छोटी, दोन्ही बाजू मिळून मोजायची. पुढची चाकं वळणावर इंजिनाला वाट दाखवतात. मागची मोठ्या फायरबॉक्सचा, म्हणजे आगीच्या पेटीचा, भार घेतात. माझं इंजिन २-८-२ झालं. या रचनेला मिकाडो म्हणतात. वळणांची, डोंगरातली छोटी लाइन घेतलीत तर ०-४-० सुद्धा पुरेल. आणि प्रचंड ताकद हवी पण रूळ हलके, वळणं तीव्र असतील, तर गॅरेट बघा: १९०७ च्या पेटंटमधली कल्पना, दोन इंजिनांचे सांगाडे दोन टोकांना आणि मधे त्यांच्यावर तोललेला एकच बॉयलर. कल्पनेला पंख फुटावेत अशी ही रचना आहे आणि ती जगात खरोखर धावलेली आहे.

चाकाच्या व्यासाबद्दल जरा थांबते, कारण इंजिनाचा स्वभाव इथेच ठरतो. १९३८ मध्ये ताशी २०३ किमी वेग गाठणाऱ्या मॅलार्ड या ब्रिटिश इंजिनाची चाकं २०३२ मिमीची होती. त्या वेगाला तिचं चाक सेकंदाला जवळपास नऊ फेरे घेत होतं, म्हणजे पिस्टनही सेकंदाला नऊ वेळा पुढे-मागे. चाक छोटं असतं तर फेरे आणखी वाढले असते. भारतीय रेल्वेची डब्ल्यूपी प्रवासी गाड्यांसाठी होती, चाक १७०५ मिमी. मालगाडीची डब्ल्यूजी १५६२ मिमी. जेमतेम १४३ मिमीचा फरक, पण दोघी शेजारी उभ्या केल्या तर धावणारी कोण आणि ओढणारी कोण, हे लगेच कळतं. तेव्हा डौलदार दिसतात म्हणून मालगाडीच्या इंजिनाला उंच चाकं लावू नका. डौल त्या चाकांत नसतो. काम आणि चाक एकमेकांना शोभतात तेव्हा तो येतो.

कागद आणि स्केल

टेंडरसकट माझं इंजिन बफर ते बफर २१ मीटरच्या आसपास जातं. १ : ४० स्केलला ते सव्वापाचशे मिमी होतं, म्हणजे ए२ कागदावर दोन्ही बाजूंना हात फिरवायला जागा उरते. १ : ५० ला ए३ वर कसंबसं मावेल, पण व्हॉल्व्ह गिअरच्या (सिलिंडरात वाफ सोडणारा व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या) पिना काढताना नाकीनऊ येतील. शक्य असेल तर मोठा कागद घ्या. मध्यरेषांना ४एच पेन्सिल, आकारांना २एच, हाताने काढायच्या गोष्टींना एचबी. कर्कटकाचं टोक रोज घासून घ्या. या चित्रात वर्तुळं फार आहेत.

पहिली रेघ रुळाची. दुसरी तिच्यावर चाकाच्या निम्म्या व्यासाएवढ्या, माझ्याकडे ८०० मिमी उंचीवर, अ‍ॅक्सलच्या मध्यांची. मग अ‍ॅक्सलच्या जागा: चाक १६००, बाहेरची कड धरून १६६०, शिवाय दोन चाकांमधे ब्रेकच्या ठोकळ्याला थोडी जागा, म्हणून अंतर १७२० घेतलं. कागदावर ४३ मिमी. चार अ‍ॅक्सल म्हणजे पहिल्यापासून चौथ्यापर्यंत ५१६० मिमीचा ताठ पाया. एवढा ताठ पाया वळणावर अडतो, म्हणून मधल्या चाकांच्या कडा बारीक ठेवतात किंवा काढूनच टाकतात. तसं केलं असेल तर चित्रातही दाखवा.

उंचीची मर्यादाही आधीच आखून घ्या. पूल आणि बोगदे इंजिनाला हवं तेवढं वाढू देत नाहीत. मी रुळापासून ४ मीटर उंची आणि ३ मीटर रुंदीची चौकट फिकट आखते. धुराडं, घुमट, कॅबचं छप्पर, शिट्टी, सगळं तिच्या आत.

बॉयलर: आग कुठून कुठे जाते

बॉयलर बाहेरून साधा गोल दिसतो, म्हणून लोक तो पट्टीनं मारून मोकळे होतात. मी आधी आतली वाट आखते. मागे फायरबॉक्स, त्यात जाळीवर आग. आगीचे गरम वायू पाण्यातून जाणाऱ्या नळ्यांमधून पुढे स्मोकबॉक्समध्ये येतात आणि तिथून धुराड्यातून वर. सिलिंडरात काम करून आलेली वाफ स्मोकबॉक्समधल्या ब्लास्ट पाइपमधून धुराड्यात जोरात सोडतात. ती जाताना वायूंना सोबत खेचते आणि मागची आग भडकते. इंजिन जितकं जोरात ओढेल तितकी आग आपोआप पेटते. या यंत्रातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच. तिचे चित्रासाठी दोन अर्थ आहेत: धुराडं ब्लास्ट पाइपच्या बरोबर डोक्यावर हवं, आणि वाफेचा मोठा पाइप बॉयलरमधून स्मोकबॉक्समार्गे सिलिंडरात उतरला पाहिजे. म्हणून सिलिंडर बहुधा स्मोकबॉक्सच्या खाली असतात. धुराडं चार हात मागे सरकवलंत तर चित्र खोटं पडतं.

माझ्या इंजिनात सिलिंडरचा मध्य पहिल्या अ‍ॅक्सलच्या १८०० मिमी पुढे आहे, तिथेच धुराडं. फायरबॉक्स रुंद हवा होता, जाळी २.२ मीटर लांब आणि १.८ रुंद, म्हणजे साधारण ४ चौरस मीटर. एक फायरमन फावड्यानं एवढी आग सांभाळू शकतो; याहून फार मोठी जाळी असली की यांत्रिक स्टोकर लागतो आणि तो टेंडरपासून दाखवावा लागतो. एवढा रुंद फायरबॉक्स १६०० मिमीच्या चाकांमधे बसत नाही. तो चौथ्या चाकाच्या मागे, छोट्या चाकांच्या वर नेला. म्हणूनच तर २-८-२ मधला शेवटचा २.

आता अडचण बघा. स्मोकबॉक्सची मागची भिंत पहिल्या अ‍ॅक्सलच्या ७०० मिमी पुढे. फायरबॉक्सची पुढची भिंत चौथ्याच्या ९०० मिमी मागे. मधलं अंतर ६७६० मिमी. एवढ्या लांब नळ्यांच्या पुढच्या टोकाला पोचेपर्यंत वायूत उष्णता उरत नाही. पुढचा बॉयलर नुसता वजन वाहतो. उपाय खऱ्या इंजिनांत वापरलेलाच आहे: फायरबॉक्सची पोकळी बॉयलरच्या गोल भागात पुढे काढायची, तिला कंबशन चेंबर म्हणतात. मी ती १.२ मीटर घेतली, नळ्या साडेपाच मीटरवर आल्या. बाहेरून यातलं काय दिसतं? त्या भागाला आतून आधार देणाऱ्या स्टेच्या जागा आणि धुण्याच्या बुचांची जास्तीची एक रांग, बस्स. पण ती बुचं तिथेच का आहेत हे मला ठाऊक असतं, आणि जाणकार बघणाऱ्याची नजर तिथे थबकते.

बॉयलरचा मध्य रुळापासून २७५० मिमी, बाहेरची त्रिज्या ९००. खालची कड १८५० वर येते, बाहेरची कड धरून चाकाच्या माथ्यापासून बावीस सेंटिमीटर मोकळी. वरची कड ३६५०, म्हणजे धुराड्याला उरले ३५० मिमी. बॉयलर वाढला की धुराडं आखूड होतं, आणि जुन्या इंजिनांची धुराडी उंच का होती तेही यातून कळतं: त्यांचे बॉयलर बारीक होते. तुमचं इंजिन जुन्या काळातलं असेल तर बारीक बॉयलर, उंच धुराडं. १८२९ च्या ‘रॉकेट’ इंजिनापासून शंभर वर्षांचा प्रवास या एका प्रमाणात दाखवता येतो.

घुमट का असतो? वाफ पाण्यापासून जितक्या उंचावरून घ्यावी तितकी कोरडी मिळते. सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप, म्हणजे रेग्युलेटर, बहुधा तिथेच असतो. दुसरा घुमट दिसला तर तो बहुतेक वाळूचा: चाक घसरू लागलं की रुळावर वाळू टाकतात. तिथून निघालेले बारीक पाइप ओढणाऱ्या चाकांच्या पुढे, रुळाच्या अगदी जवळ संपले पाहिजेत. सेफ्टी व्हॉल्व्ह फायरबॉक्सवर किंवा त्याच्या जवळ, आणि किमान दोन.

दांडे आणि व्हॉल्व्ह गिअर

या भागाला वेळ द्या. चित्र इथेच जिवंत होतं किंवा इथेच फसतं.

साइड रॉड सगळ्या ओढणाऱ्या चाकांना जोडतो. तो नेहमी रुळाला समांतर. क्रँक (चाकाच्या मध्यापासून पिनेपर्यंतचा हात) कुठल्याही कोनात असो, चारही चाकांच्या पिना एकाच कोनात असतात. पिनेचं अ‍ॅक्सलपासूनचं अंतर स्ट्रोकच्या निम्मं: ३५० मिमी, कागदावर ८.७५. दोन सिलिंडरांच्या इंजिनाच्या दुसऱ्या बाजूच्या पिना ९० अंश पुढे-मागे असतात, म्हणजे एका बाजूचा पिस्टन टोकाला अडकला तरी दुसरा ढकलतो. तीन सिलिंडर घेतलेत तर सहसा १२० अंश. तिरक्या कोनातून काढताना पलीकडचा दांडा दिसतो, तेव्हा हे विसरून चालत नाही.

पिस्टनची ढकल चाकापर्यंत नेणारा कनेक्टिंग रॉड मी तिसऱ्या चाकाला लावला, लांबी ३६०० मिमी. दुसऱ्याला लावला असता तर तो आखूड होऊन जास्त तिरका चालला असता. तिसऱ्याला लावल्यावर मात्र क्रॉसहेड (पिस्टनचा दांडा आणि कनेक्टिंग रॉड जोडणारा सरकता ठोकळा) पहिल्या चाकाच्या समोरून ये-जा करतो, म्हणून त्या चाकाच्या पिनेचं डोकं चपटं ठेवावं लागतं. पुढून बघितल्यावर हे दाखवायला विसरू नका.

चाकं कुठल्या क्षणी थांबवायची? मला क्रँक सरळ खाली असलेला क्षण आवडतो. सगळे दांडे खाली येतात, चाकांचे आरे मोकळे दिसतात आणि चित्राला एक ठाम बैठक मिळते. पण इथे एक बारीक मेख आहे. क्रँक खाली आला म्हणजे क्रॉसहेड स्ट्रोकच्या बरोबर मध्यावर, असं वाटतं. ते खरं नाही. कनेक्टिंग रॉड तिरका झालेला असतो, त्यामुळे आडवं अंतर थोडं कमी होतं. ३६०० लांबी आणि ३५० क्रँकला क्रॉसहेड मध्यापासून १७ मिमी चाकाकडे सरकलेला असतो. १ : ४० वर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. हा हिशेब करायचीही गरज नाही: कर्कटक ९० मिमीला उघडा, टोक क्रँकपिनवर ठेवा आणि सिलिंडरच्या मध्यरेषेवर कमान मारा. कमान कापेल तिथे क्रॉसहेडची पिन. दांड्याची लांबी कधीच बदलत नाही, आणि कर्कटक तेवढं एक तत्त्व काटेकोर पाळतं.

व्हॉल्व्ह गिअरसाठी वॉल्शार्ट्स घ्या. १८४४ ची रचना आहे, सगळी बाहेर दिसते आणि डोळ्यांनी वाचता येते. मुख्य क्रँकपिनला बाहेरून रिटर्न क्रँक नावाचा छोटा हात जोडलेला असतो. त्याचं टोक मुख्य क्रँकशी ९० अंशांचा कोन ठेवून अ‍ॅक्सलभोवती छोट्या वर्तुळात फिरतं. माझ्या इंजिनात पिस्टन व्हॉल्व्हला वाफ आतल्या बाजूनं मिळते आणि पुढे जाताना रेडियस रॉड (लिंकची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारा दांडा) लिंकच्या खालच्या अर्ध्यात असतो, म्हणून हे टोक पुढे धावताना मुख्य क्रँकच्या मागून येतं. क्रँक खाली असेल त्या क्षणी ते अ‍ॅक्सलच्या पुढे, अ‍ॅक्सलच्याच उंचीवर. तिथून एक्सेंट्रिक रॉड पुढे जातो आणि वक्र एक्स्पान्शन लिंकच्या तळाला धरतो. लिंक मध्यावर टांगलेली, ती झुलते. क्रँक खाली असताना तिचा तळ पूर्ण पुढे ढकललेला काढा.

लिंकमधल्या खाचेत रेडियस रॉडचा ठोकळा वर-खाली सरकतो. खाली असला की इंजिन पुढे, वर असला की मागे, बरोबर मधे असला की लिंकची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही. उभ्या इंजिनाचा ठोकळा मध्यावर दाखवला तर ते शांत उभं वाटतं. चढ चढणाऱ्या इंजिनाचा ठोकळा तळाशी. मी चित्रात इंजिनाचा मूड याच एका ठोकळ्यानं सांगते.

रेडियस रॉडचं पुढचं टोक कॉम्बिनेशन लिव्हरच्या माथ्याला, त्याच्या जरा खाली व्हॉल्व्हचा दांडा आणि लिव्हरचं तळाचं टोक एका छोट्या दुव्यानं क्रॉसहेडला. वरच्या दोन पिनांमधलं अंतर लिव्हरच्या एकूण लांबीच्या साधारण आठव्या भागाएवढं ठेवलं तर डोळ्याला पटतं आणि यंत्रालाही चालतं. वाफ बाहेरच्या बाजूनं घेणारा व्हॉल्व्ह असेल तर या दोन पिनांची अदलाबदल होते.

हे सगळं थेट मूळ कागदावर काढू नका. ट्रेसिंग पेपरच्या एका तुकड्यावर फक्त रेघा आणि पिनांची टिंबं काढा, क्रँकच्या चार जागा घ्या: पुढे, खाली, मागे, वर. चारही ठिकाणी सगळ्या दांड्यांची लांबी तीच राहते का, कुठलाही दांडा दुसऱ्याला किंवा बॉयलरच्या कडेनं जाणाऱ्या पायपट्टीला आपटतो का, बघा. पटलं की मगच त्यांना जाडी द्या.

चाकं काढताना प्रतिभार विसरू नका: क्रँकपिनच्या बरोबर समोर, कडेजवळ चंद्रकोरीच्या आकाराचं वजन. कनेक्टिंग रॉड लागलेल्या चाकाचं सर्वांत मोठं, बाकीच्यांची लहान. चारही सारखी काढली की सगळी चाकं ठशातून मारल्यासारखी दिसतात.

माणसाच्या मापानं

आता कागदावर १७०० मिमीचा एक माणूस काढा, ४२.५ मिमी. तो नंतर खोडा हवं तर, पण काढाच. त्याला कॅबमध्ये चढवा. पायऱ्यांमधलं अंतर त्याला झेपतं का? बसल्या जागेवरून हात रेग्युलेटरच्या दांडीला पोचतो का? बॉयलरच्या कडेनं पुढचा रूळ दिसतो का? बॉयलर जाडजूड असेल तर पुढची काच अरुंद आणि उंच होते, आणि ड्रायव्हर बाजूच्या खिडकीतून डोकं काढणार, म्हणून खिडकीत कोपर ठेवायची पट्टी हवी. फायरमनला टेंडरमधून फावडं भरून वळून आगीच्या दारात टाकायचं आहे. मधे दोन पावलं मोकळी ठेवा. पायपट्टीवरून चालताना धरायला बॉयलरवर कठडा, त्याच्या उंचीला. स्मोकबॉक्सचं दार उघडलं की समोर दिव्याला लागतं का, तेही बघा.

टेंडर म्हणजे मागे लावलेली पेटी नव्हे. एक किलो कोळसा साधारण सहा ते आठ किलो पाण्याची वाफ करतो. माझ्या टेंडरमध्ये ९ टन कोळसा आणि २२,००० लिटर पाणी आहे. पाणी तीन-साडेतीन टन कोळशातच संपेल. म्हणजे हे इंजिन पाण्यासाठी वारंवार थांबणार, आणि मागच्या बाजूला पाणी भरायचं झाकण मोठं, सहज पोचण्यासारखं हवं. लाकडावर चालणारं इंजिन असेल तर टेंडर उंच कठड्याचा आणि धुराडं ठिणग्या अडवणारं, वर रुंद. तेलावर चालणारं असेल तर कोळशाच्या जागी बंद टाकी.

पाइप आणि रिवेट

माझा नियम कडक आहे: ज्या पाइपाची दोन्ही टोकं मला सांगता येत नाहीत, तो पाइप काढायचा नाही. बॉयलरमध्ये पाणी भरणारा इंजेक्टर घ्या. कॅबखाली बसवलेला, त्याला बॉयलरमधून वाफ येते, टेंडरमधून पाणी येतं आणि तिसरा पाइप बॉयलरच्या अंगावरच्या एकमार्गी व्हॉल्व्हकडे जातो. वाफेच्याच जोरावर पाणी वाफेच्या दाबाविरुद्ध आत ढकलणारं हे साधन ज्यिफार या फ्रेंच इंजिनिअरनं १८५८ मध्ये पेटंट केलं. तुमचं काल्पनिक इंजिन त्याआधीचं असेल तर इंजेक्टर नको, पंप हवा. हवेचे ब्रेक असतील तर बाजूला उभा पंप आणि पायपट्टीखाली हवेची टाकी. सिलिंडरच्या तळाला पाणी सोडायचे कॉक. तेल पुरवणारी छोटी पेटी पायपट्टीवर, आणि तिला हालचाल देणारा दांडा व्हॉल्व्ह गिअरवरून आलेला. एवढं खरं काढलं की अंग आपोआप भरतं, वरून काही चिकटवावं लागत नाही.

रिवेटांचंही तसंच. बॉयलरला उष्णतारोधक थर आणि त्यावर पातळ पत्रा असतो, त्यामुळे बॉयलरचे रिवेट दिसतच नाहीत; दिसतात ते पत्रा बांधणारे पट्टे. स्मोकबॉक्सवर तो थर नसतो, तिथे रिवेट उघडे. टेंडरच्या टाकीवर रांगा असतात, पण जिथे आत कोन किंवा दोन पत्र्यांचा जोड आहे तिथेच. रिवेटांमधलं अंतर डिव्हायडरनं टोचून घ्या, मग ०.१ च्या पेननं टिंबं. एकही रांग वाकडी गेली तर सगळी टाकी वाकडी दिसते.

शाई आणि छाया

बाहेरच्या कडा ०.५, आतल्या ०.३, बारीक तपशील ०.१. आधी वर्तुळं आणि कमानी, मग सरळ रेघा. कमानीला रेघ जुळवणं सोपं, उलट कठीण. उजेड वर डावीकडून घेतलात तर बॉयलरवर आडव्या रेघा खालच्या बाजूला दाट करा, पण अगदी तळाची बारीक पट्टी थोडी उजळ राहू द्या. जमिनीवरून परतलेला उजेड तिथे पडतो, आणि त्या पट्टीनं बॉयलर गोल होतो. चाकांच्या मागची जागा गडद करा. दांडे कोरे ठेवा, कारण घासूनपुसून चकाकणारं पोलाद तेवढंच आहे.

तीन-चतुर्थांश कोनातून काढायचं असेल तर बाजूचं चित्र पूर्ण झाल्यावरच. चाकं लंबवर्तुळं होतात. त्या लंबवर्तुळाचा आखूड अक्ष अ‍ॅक्सलच्या दिशेनं राहिला पाहिजे. तो कलला की चाक लचकल्यासारखं दिसतं. पुढून दिसणारा चेहरा तुमच्या आवडीनं घडवा. स्मोकबॉक्सच्या दाराचा घेर, बिजागऱ्या, दिव्याची जागा यावर इंजिनाची ओळख ठरते. डब्ल्यूपीचं गोळीसारखं पुढे आलेलं नाक आणि त्यावरचा तारा एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. माझ्या मिकाडोला मी सपाट दार आणि वर मधोमध एकच मोठा दिवा दिला. रात्री चढ चढणाऱ्या इंजिनाला तेच शोभतं.

शेवटी उजव्या कोपऱ्यात छोटा तक्ता: गेज, चाकाचा व्यास, सिलिंडर, दाब, जाळीचं क्षेत्रफळ, ओढ, ओढणाऱ्या चाकांवरचं वजन, कोळसा, पाणी. त्याखाली वर्गाचं नाव आणि क्रमांक. क्रमांक १ देऊ नका. अठरावं किंवा चोविसावं इंजिन काढा, म्हणजे आधीच्या सतरा किंवा तेवीस इंजिनांत काय बदललं याचा विचार करावा लागतो. माझ्या अठराव्यात कॅबचं छप्पर मागे वीस सेंटिमीटर वाढवलेलं आहे आणि टेंडरला कोळशाच्या कठड्यावर एक जास्तीची फळी आहे. असे बदल नवीन ट्रेसिंगवर करा आणि मूळ चित्र जसंच्या तसं जपून ठेवा.